पाण्याच्या बाटलीचे पुण्य

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या दारात उभे होतो. लोक पांगत होते. तेवढ्यात आपल्या धर्मग्रामातील एक ताई आपल्या मुलाला दंडाला धरून आमच्यासमोर घेऊन आल्या. मुलगा लहान नव्हे. एकोणीस वर्षांचा, बाहेरगावी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीपुरता जामनेरला आलेला.

"फादर, आता तुम्हीच सांगा याला," ताई म्हणाल्या. "रात्र रात्र लॅपटॉपसमोर बसतो. आणि खेळतो काय, तर माणसं मारायचा खेळ. परवा म्हणे यानं अख्खं गाव बॉम्बनं उडवून दिलं. तेही पैसे घेऊन!"

येथे आम्ही जे करायला नको होते तेच केले. काही न विचारता बोलायला लागलो. दोनच आठवड्यांपूर्वी प्रवचनात मोबाईल आणि तरुण पिढी या विषयावर बोललो होतो, त्याचीच उजळणी केली. ताई मान डोलवत होत्या. मुलगा खाली बघत सर्व ऐकत राहिला आणि आम्ही थांबल्यावर म्हणाला, "फादर, मी तेच विचारायला आलो होतो. हे कन्फेशनमध्ये सांगायचं का?"

प्रिय बंधू-भगिनींनो, आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्याची पदवी घेतली, ती फ्रेम करून ऑफिसात लावलेली तुम्ही पाहिली असेल. पण त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. "संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ये," एवढेच म्हणालो. ताईंना ते फारसे पटले नाही.

तो आला. खेळाचे नाव 'फॉलआउट ३'. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने तो २००८ साली बाजारात आणला. कथेचा काळ आहे इसवी सन २२७७. दोनशे वर्षांपूर्वी अणुयुद्ध होऊन गेले आहे आणि वॉशिंग्टन शहराच्या पडझडीत माणसे कशीबशी जगत आहेत. नदीचे पाणी किरणोत्सर्गाने नासलेले, प्यायले तर आजार. खेळणारा हा या कथेतला एक तरुण किंवा तरुणी होतो आणि घर सोडून गेलेल्या आपल्या वडिलांच्या शोधात निघतो. वाटेत कोणाशी काय बोलायचे, कोणाला मदत करायची, कोणाला लुबाडायचे, कोणाच्या जिवावर उठायचे, हे सर्व त्याच्या हातात. म्हणून अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. नाटकातल्यासारखी भूमिका घ्यायची, फक्त संवाद आपण निवडायचे.

(जाता जाता: या खेळाची एक्सबॉक्सवर चालणारी आवृत्ती २००८ साली भारतात येणार होती. मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन ती आणली नाही. नेमके काय खटकले ते कंपनीने सांगितले नाही. पण खेळात दोन डोक्यांच्या गायी आहेत आणि त्यांना जे नाव दिले आहे ते कळले की अंदाज येतो. आमच्या या मुलाकडे खेळ कुठून आला, असे विचारले तर म्हणाला, "होस्टेलवर सगळ्यांकडे आहे, फादर. पेन ड्राइव्हवरून घेतला." हा मुद्दा आम्ही तेव्हा सोडून दिला.)

तर प्रवासात मेगॅटन नावाचे एक गाव लागते. पत्रे आणि भंगार जोडून बांधलेली घरे, आणि गावाच्या मधोमध न फुटलेला एक अणुबॉम्ब. गावचा शेरीफ भला माणूस आहे, त्याला लहान मुलगा आहे. तो म्हणतो, हा बॉम्ब निकामी करून दे, मोबदला देईन. गावातल्या गुत्त्यात सुटाबुटातला एक पाहुणा बसलेला असतो. तो म्हणतो, हा बॉम्ब फोड, जास्त पैसे देतो. कारण काय, तर दूरच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या श्रीमंताच्या डोळ्यांना हे भिकार गाव खुपते! कारण इतकेच. आणि दोन्ही वाटांच्या शेवटी खेळणाऱ्याला राहायला जागा मिळते. गाव वाचवले तर गावात घर, उडवले तर त्या इमारतीत ऐसपैस खोल्या.

मुलाने आधी गाव वाचवले होते. पूर्ण खेळ सज्जनपणे खेळून झाला. मग त्याच्या मनात आले, दुसऱ्या वाटेने काय होते ते बघू. त्याने इमारतीच्या गच्चीवरून कळ दाबली. क्षितिजावर प्रकाशाचा लोळ उठला आणि गाव संपले.

"मग?" आम्ही विचारले.

"मग काही नाही. पुढे खेळलो. पण शेवटी वडील सापडतात ना, फादर. त्यांना कळलेलं असतं. ते ओरडत नाहीत. नुसतं म्हणतात की माझी फार निराशा केलीस." तो थोडा वेळ गप्प बसला. "मग मी भिकाऱ्यांना पाणी वाटलं. कर्म परत वर आणलं."

हे पाण्याचे प्रकरण समजून घ्या, कारण पुढचे सारे त्यावर आहे. खेळ खेळणाऱ्याच्या बऱ्यावाईटाचा हिशोब ठेवतो आणि त्या हिशोबाला बनवणाऱ्यांनी नावच दिले आहे 'कर्म'. चोरी केली, निरपराध माणूस मारला की कर्म घटते. चांगले केले की वाढते. या जगात जागोजागी तहानलेले भिकारी बसलेले असतात, ते शुद्ध पाणी मागतात. एक बाटली दिली की पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटतात: तुमचे कर्म वाढले. पुन्हा दिली, पुन्हा वाढले. म्हणजे गाव उडवलेला माणूसही पुरेशा बाटल्या वाटून पुन्हा पुण्यवान होऊ शकतो. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात पापक्षमेची पत्रके पैशाने विकली गेली, त्यावरून सोळाव्या शतकात केवढा अनर्थ झाला हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला हसू आले नाही.

मुलाने लॅपटॉप आमच्याकडे सरकवला. "तुम्ही खेळून बघा." बोटे वळत नव्हती, दोनदा खड्ड्यात पडलो; पण तासाभरात थोडेफार जमले. आम्ही अर्थातच सज्जनाची वाट धरली. गोड बोललो, कोणाचे काही उचलले नाही. गावाबाहेर एक भिकारी भेटला, त्याला पाणी दिले. कोपऱ्यात अक्षरे उमटली. बरे वाटले. जवळ आणखी एक बाटली होती, तीही दिली. पुन्हा अक्षरे. तिसरी बाटली शोधायला निघालो तेव्हा मुलगा शेजारून म्हणाला, "त्याला किती तहान लागली असेल, फादर!"

तो गंमत करत होता. पण तिसरी बाटली आम्ही भिकाऱ्याच्या तहानेसाठी शोधत नव्हतो हे आम्हाला पक्के ठाऊक होते.

पापपुण्याचा हिशोब ठेवणारा खेळ आपल्या मातीला नवा नाही. आपण ज्याला सापशिडी म्हणतो त्याचे मूळ रूप म्हणजे मोक्षपट. मराठी परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वर माउलींना देते. जुने पट आज पाहायला मिळतात ते बहुतेक नंतरच्या शतकांतले. त्या पटावर घरांना आकड्यांसोबत नावे असत. दया, भक्ती अशा घरांतून शिडी वर जाई. क्रोध, लोभ, मद यांच्या घरात सापाचे तोंड असे. सर्वांत वर मोक्ष. कवड्या टाकून खेळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि हळूहळू घरांवरची नावे पुसली गेली, उरले फक्त साप आणि आकडे.

पण मोक्षपटात एक गोष्ट नव्हती. तेथे निवड नव्हती. कवडी जशी पडेल तसे तुम्ही लोभाच्या घरात जाता. तुम्ही लोभी असा वा नसा. तो पट म्हणजे एक नकाशा होता. आजीने नातवाला मांडीवर घेऊन दाखवावे, बघ, रागाच्या घरात गेलं की माणूस एवढा खाली येतो. संगणकाच्या खेळाने नकाशा घेतला आणि कवड्या काढून टाकल्या. सापाच्या तोंडात जायचे की नाही हे आता खेळणारा ठरवतो. म्हणूनच मुलाच्या मनात प्रश्न आला. सापशिडी खेळून कोणी कन्फेशनला येत नाही.

आता त्याचा प्रश्न. संगणकातील गाव उडवणे हे पाप आहे का?

संत थॉमस अक्वायनस यांनी याच्या फार जवळ जाणारा एक प्रश्न तेराव्या शतकात सोडवून ठेवला आहे. (थॉमस १२७४ साली वारले, एका परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म त्यानंतरच्याच वर्षीचा. माणसे एकमेकांना ठाऊक नसतात, प्रश्न मात्र सारखे असतात.) प्रश्न असा: मनात वाईट गोष्टीचा विचार आणून त्यात आनंद मानणे हे पाप आहे का? थॉमस म्हणतात, आधी बघा आनंद कशाचा आहे. विचार करण्याचा, की ज्याचा विचार केला त्या कृत्याचा? खुनाच्या खटल्याचा अभ्यास करणाऱ्या वकिलाला अभ्यासाचा आनंद होतो, प्रवचनासाठी पापांचा विचार करणाऱ्या धर्मगुरूलाही होतो; तो आनंद विचाराचा आहे, त्यात दोष नाही. पण शेजाऱ्याचा गळा दाबल्याचे चित्र मनात रंगवून जो सुखावतो, त्याचे मन त्या कृत्याकडे झुकलेले आहे. त्याने हात उचलला नाही, एवढाच काय तो फरक.

आम्ही मुलाला विचारले, "प्रकाशाचा लोळ उठला तेव्हा तुला काय आवडलं?"

तो प्रामाणिक आहे. विचार करून म्हणाला, "उजेड आवडला. काय बनवलंय, असं वाटलं. मग शेरीफचा पोरगा आठवला."

"मग कन्फेशनमध्ये सांगायची गरज नाही," आम्ही म्हणालो. शेरीफचा पोरगा ज्याला आठवतो त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला आणखी आम्ही काय शिकवणार?

ताईंना हे उत्तर पटणार नाही हे आम्ही जाणतो. आणखी काही जणांनाही पटणार नाही. त्यांनी झावळ्यांचा रविवार आठवावा. त्या दिवशी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. निवेदक एक असतो, प्रभूचे शब्द धर्मगुरू वाचतो, आणि जमावाचे शब्द कोण म्हणते? आपण सर्व. निरपराध माणसाला क्रुसी द्या अशी आरोळी आपण आपल्या तोंडाने देतो, पहिल्या बाकावरच्या आजीसुद्धा. ख्रिस्तसभा आपल्याला दरवर्षी क्रूर माणसांची भूमिका देते आणि घशाशी आवंढा आला तरी ती म्हणायला लावते. आपण त्या जमावातले नव्हतो असे समजून घरी जाणे सोपे पडू नये, म्हणूनच बहुधा. भूमिका वाईट माणसाची आहे म्हणून ती करणारा वाईट होत नाही. निळू फुले (१९३०–२००९) यांनी पडद्यावर इतके पाटील, सरपंच आणि लंपट सावकार रंगवले की खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडत. प्रत्यक्षात तो राष्ट्र सेवा दलात घडलेला, लोकांसाठी झटणारा साधा माणूस होता. खलनायक त्यांनी अशा रीतीने दाखवला की गावोगाव लोकांना आपापला खलनायक ओळखू आला.

तरीही एक सावधगिरी. संत ऑगस्टीन आपला मित्र आलिपियस याची हकीकत सांगतात. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढत तलवारबाजांच्या खेळाला नेले. माणसे एकमेकांना ठार करत आणि लोक टाळ्या पिटत, असा तो खेळ. आलिपियस म्हणाला, माझे शरीर नेऊन बसवाल, डोळे मी मिटून घेईन. डोळे मिटलेही. मग जमाव एकदम गर्जला, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, रक्त पाहिले, आणि त्यानंतर त्याला नजर वळवता येईना. तेथून तो परतला तो पुन्हा जाण्याची ओढ घेऊन, दुसऱ्यांनाही सोबत नेणारा होऊन. थॉमसची कसोटी येथे उलटी लावून पाहावी. गाव उडवताना ज्याला कोणाचाच पोरगा आठवत नाही, आणि दहाव्यांदा उडवतानाही जो तेवढाच खूश होतो, त्याच्या आईने काळजी जरूर करावी. हा खेळ अमेरिकेत सतरा वर्षांवरील मुलांसाठी आहे असे त्याच्या वेष्टनावरच छापतात. आठवीतल्या मुलाच्या हाती तो देऊ नका.

येथवर सोपे होते. आम्हाला खरा त्रास झाला तो सज्जनाच्या वाटेचा.

प्लेटोने एक गोष्ट सांगितली आहे. गायजेस नावाच्या मेंढपाळाला एक अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो. कोणी पाहत नाही म्हटल्यावर तो राणीला वश करतो, राजाला मारतो, गादी बळकावतो. गोष्ट सांगणारा ग्लॉकन म्हणतो, अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांत काही फरक उरणार नाही. संगणकाचा खेळ ही तशीच अंगठी आहे. पोलीस नाहीत, शेजारी नाहीत, मेलेला माणूस खरा नाही. मग सारे खेळणारे दुष्टाची वाट धरत असतील? नाही धरत. 'मास इफेक्ट' हा असाच एक प्रसिद्ध खेळ, त्याचा पहिला भाग २००७ सालचा. त्यात उमदेपणाची वाट आणि निष्ठुरपणाची वाट अशा दोन वाटा ठळक आखलेल्या आहेत. त्यावर काम केलेल्या एका रचनाकाराने २०२० साली जाहीरपणे सांगितले की सुमारे ९२ टक्के खेळणारे उमद्या वाटेने गेले. निष्ठुर वाटेवर आम्ही एवढी मेहनत घेतली, ती बहुतेकांनी पाहिलीच नाही. ग्लॉकन हरला म्हणायचा.

हे वाचून आम्हाला प्रथम आनंद झाला, प्रवचनात सांगायचेही ठरवले. मग आमची तिसरी बाटली आठवली. अंगठी घातलेल्या माणसाला कोणी पाहत नव्हते. खेळणाऱ्याला मात्र कोपऱ्यातला तो हिशोब पाहत असतो. चांगले उत्तर कोणते हे त्याला आधीच कळते, ते दिले की शाबासकी लगेच मिळते, आणि चांगुलपणाची किंमत म्हणून त्याला काही गमवावे लागत नाही. घर दोन्हीकडे आहेच. अशा ठिकाणी ९२ टक्के लोक सज्जन निघाले यात नवल कोणते? कांटने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले होते. तो लहान मुलालाही योग्य भावात माल देतो, वजनात मारत नाही; पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून. कांट म्हणतो, वागणे योग्यच आहे, पण त्यावरून तो प्रामाणिक आहे की नाही हे अजून कळलेले नाही. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानदारांची नावे आम्ही घेत नाही. मुद्दा आमचाच होता.

रिचर्ड गॅरियट नावाच्या खेळकर्त्याला हे फार लवकर उमगले होते. त्याच्या आधीच्या खेळांत लोक जिंकण्यासाठी चोऱ्या करत, दुकानदारांना मारत, आणि शेवटी वीर म्हणून मिरवत. म्हणून १९८५ साली त्याने 'अल्टिमा ४' हा खेळ काढला. त्यात मारायला कोणी महाराक्षस नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढेच ध्येय. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. माल घेऊन झाला की ती म्हणते, पैसे तुम्हीच मोजून ठेवा. तिला दिसत नाही. एक नाणे ठेवले तरी ती आभार मानते, आणि खेळही काही बोलत नाही. कोपऱ्यात अक्षरे उमटत नाहीत. बऱ्याच काळाने, सद्गुणांची परीक्षा द्यायची वेळ आली की मगच कळते, प्रामाणिकपणात आपण केव्हाच नापास झालो आहोत. मुलाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हे चीटिंग आहे, फादर. आधी सांगायला पाहिजे ना!"

आम्हाला आणखी एक गोष्ट त्याला सांगायची होती, पण ती सांगवली नाही. येथे लिहितो.

२०२० साली टाळेबंदीत आपण शिधा वाटला होता. पाच किलो गहू, तांदूळ, डाळ, तेल, साबण. तुमच्यापैकी अनेकांनी उन्हात उभे राहून पिशव्या भरल्या. काही धान्य बाहेरून आले होते आणि देणाऱ्यांनी वाटपाचे फोटो मागितले होते. त्यांचेही चुकले असे नाही, त्यांना पुढे हिशोब द्यायचा असतो. फोटो आम्हीच काढत होतो. एका म्हाताऱ्या बाईने पिशवी घेतली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. आम्ही म्हणालो, "आजी, पदर जरा बाजूला करा." त्या म्हणाल्या, "फोटो नको, बाबा." मागे रांग होती. आम्ही पिशवीचा एक बंद धरून ठेवला होता, तो सोडला नाही. ओढला नाही, फक्त सोडला नाही. त्यांनी पदर बाजूला केला, आम्ही फोटो काढला, मग बंद सोडला.

तो फोटो आमच्या मोबाईलमध्ये अजून आहे. त्या कॅमेऱ्यात आमच्याकडे पाहत नाहीत, पिशवीकडे पाहत आहेत. तो महिनाभर दररोज रात्री आम्ही वाटलेल्या पिशव्यांचा आकडा वहीत लिहीत होतो आणि समाधानाने झोपत होतो. या बाईचा दिवस त्या वहीत इतर दिवसांसारखाच आहे. एक पिशवी, एक टिकमार्क. निष्ठुर वाटेने आम्ही त्या दिवशी गेलो होतो का? नाही, आम्ही तर धान्य वाटत होतो. त्यांच्या घरी ते शिजलेही असेल. पण गाव उडवणाऱ्या मुलाला शेरीफचा पोरगा त्याच रात्री आठवला, आणि आम्हाला ही आजी आठवायला काही वर्षे आणि एक पाण्याची बाटली लागली.

'फॉलआउट ३' मध्ये एक गोष्ट आहे, ती पाहून आम्ही खुर्चीत सरळ झालो. कथेतील नायकाची आई बाळंतपणात वारलेली असते. पवित्र शास्त्रातले तिचे आवडते वचन वडिलांनी फ्रेम करून भिंतीवर लावलेले असते आणि ते खेळात पुन्हा पुन्हा समोर येते. प्रकटीकरण, अध्याय २१, ओवी ६. घरी पवित्र शास्त्र उघडून पाहा. तहानेल्याला जीवनाच्या झऱ्याचे पाणी फुकट देण्याचे ते अभिवचन आहे. वडील घर सोडून जातात ते त्यासाठीच. नदीचे सारे पाणी शुद्ध करून सर्वांना विनामूल्य द्यायचे, हे त्या नवराबायकोचे अपुरे राहिलेले काम. सबंध कथा या एका शब्दावर उभी आहे, फुकट. आणि त्याच खेळात भिकाऱ्याला पाण्याची बाटली दिली की कोपऱ्यात कर्म जमा होते. हा विरोध बनवणाऱ्यांच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले, तेव्हा त्याच्यासमोर हीच अडचण असावी. आपल्या चर्चच्या भिंतीवर पंख्यांच्या आणि बाकांच्या देणगीदारांची नावे आहेत. ती पुसा असे आम्ही म्हणत नाही. आमचेही नाव एका पाटीवर आहे.

सुट्टी संपून मुलगा जाताना भेटायला आला. आम्ही त्याला म्हणालो, "त्या गावाचं सोड. पण हा खेळ ज्यांनी राबून बनवला, त्यांना तू एक रुपया दिला नाहीस. तिथे पेन ड्राइव्ह खरा होता, माणसं खरी होती, आणि कर्म घटल्याची अक्षरं कुठे उमटली नाहीत. कन्फेशनमध्ये यायचं तर हे घेऊन ये."

तो चाट पडला. मग म्हणाला, "सगळेच घेतात, फादर." आम्ही काही बोललो नाही. जानेवारीत त्याचा फोन आला. सेल लागला होता, आता खेळ फारसा महाग राहिलेला नाही, विकत घेतला. नव्याने सुरू केला आहे आणि यावेळी कोपऱ्यातल्या अक्षरांवर कागदाची पट्टी चिकटवली आहे. "कसं वाटतं?" आम्ही विचारले. "अवघड जातं," तो म्हणाला. "बरोबर केलं की नाही तेच कळत नाही."

यंदाच्या शुभ शुक्रवारी आपण आवारात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करणार आहोत. हा मुलगा पवित्र आठवड्याच्या सुट्टीत येत आहे आणि त्याने यहूदाची भूमिका आपणहून मागितली आहे. त्याच्या आईंनी आधी नकार दिला, मग होकार दिला, आता त्याच्या अंगरख्याचे माप मागत आहेत. येशूच्या भूमिकेसाठी पाच जणांनी नावे दिली आहेत. शिपाई, पेत्र, वेरोनिका आणि जमाव ठरले आहेत. पिलातासाठी अजून कोणीही नाव दिलेले नाही. सराव दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, धर्मशिक्षणाच्या खोलीत.

तुमचे,
धर्मगुरू